हवेचा हिशेब कोणी द्यावयाचा?

(व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी चहा गॅसवर झाला असेल. शेगडीचे बटण फिरविले, निळी ज्योत लागली आणि तुम्ही आपापल्या कामाला लागलात. ही सोय लहान नव्हे. ओल्या लाकडांच्या चुलीपुढे बसून, फुंकणीने फुंकून फुंकून ज्या मातांनी आपले डोळे आणि आपली छाती खराब करून घेतली, त्यांच्या लेकीसुनांना आज धुराविना स्वयंपाक करता येतो, याचा मला आनंदच आहे. म्हणून प्रारंभीच सांगतो की, मी गॅसचा वैरी म्हणून तुमच्यापुढे उभा नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, आपल्या स्वयंपाकघरातून जो धूर गेला, तो गेला कोठे?

तुमच्या घरी येणाऱ्या गॅसला जो उग्र वास असतो, तो त्याचा स्वतःचा नव्हे. मूळ वायूला जवळजवळ वास नसतो. नळी कोठे गळत असेल तर घरातल्या बाईला तत्काळ कळावे, म्हणून त्यात गंधकाचे एक द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि ते मिसळले पाहिजे असा नियम आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात धोका उत्पन्न झाला तर त्याची वर्दी त्याच्या नाकाला आधी मिळावी, एवढी काळजी राज्याने घेतली आहे. परंतु जेथून हा वायू जमिनीतून वर येतो, त्या जागी राहणाऱ्या माणसाला वर्दी कोणी द्यावयाची? आजच्या माझ्या भाषणाचा विषय हाच आहे.

वायूची विहीर म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे मोट आणि रहाट येईल. ही विहीर तशी नव्हे. पोलादी नळ्या एकीला एक जोडून हजारो मीटर खोल उतरवितात. त्यातून वर येणारा वायू निर्मळ नसतो. त्याच्याबरोबर खारे पाणी येते, पातळ तेल येते, आणि बेंझीन, टोल्युइन, झायलीन अशी बाष्पे येतात. वायूतील पाणी काढून टाकण्यासाठी तो ग्लायकॉल नावाच्या दाट द्रवातून नेतात. हा द्रव पाण्याबरोबर बेंझीनही शोषून घेतो, आणि तो पुन्हा वापरता यावा म्हणून तापविला की ते बेंझीन वाफेच्या सोबतीने हवेत निघून जाते. ते अडविण्याची साधने आहेत, पण ती बसविली तर. पातळ तेल टाक्यांत साठवितात. टाकीचे झाकण नीट लागले नाही की तेथूनही बाष्प सुटते. वायू नळातून पुढे ढकलण्यासाठी मोठमोठी दाबयंत्रे रात्रंदिवस धडधडत असतात. त्यांच्या इंजिनांचा धूर निराळाच. या सर्वांवर ऊन पडले म्हणजे धूर आणि बाष्प यांच्या संयोगातून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो छातीत गेला की श्वासनलिका चुरचुरते. उंच आकाशातील ओझोन आपले रक्षण करतो, हा तो नव्हे.

यातील बेंझीन हे द्रव्य लक्षात ठेवा. माणसाला त्यापासून कर्करोग होतो, विशेषतः रक्ताचा, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये आता वाद राहिलेला नाही. आणि हवेत अमुक इतके बेंझीन चालेल अशी निर्धास्त मर्यादा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. सरकारे मात्र मर्यादा ठरवितात, कारण कोठेतरी रेघ ओढल्याशिवाय कारभार चालत नाही. रेघ ओढण्यास माझी हरकत नाही. रेघेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे मोजणारा कोण, आणि तो खरे सांगतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हांला थोडा वेळ अमेरिकेतील टेक्सास राज्यात नेणार आहे. इतक्या दूर का, असे तुम्ही म्हणाल. कारण तेथे फोर्ट वर्थ शहराच्या भोवती जमिनीखाली वायूने भरलेला खडक सापडला आणि हजारो विहिरी शेतांतच नव्हे, तर घरांच्या, शाळांच्या आणि प्रार्थनामंदिरांच्या शेजारी खोदण्यात आल्या. लोकवस्तीच्या मध्यभागी अशा विहिरी खोदल्या म्हणजे काय होते, याचा तपशील तेथील दप्तरांत नोंदलेला आहे. आणि तो देश लोकशाही म्हणवितो, आपणही म्हणवितो. तेव्हा त्यांचा अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

फोर्ट वर्थच्या उत्तरेस डिश नावाचे एक चिमुकले गाव आहे. त्या काळी वस्ती सुमारे २०० माणसांची होती. त्याचे मूळ नाव क्लार्क. २००५ साली दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या एका कंपनीने दहा वर्षे फुकट दूरचित्रवाणी देण्याचे कबूल केले आणि त्या मोबदल्यात गावाने कंपनीचे नाव धारण केले. हसू नका. गरजेपोटी नाव टाकणारी आणि घेणारी माणसे आपणही पाहिली आहेत. पुढे याच गावाशेजारी वायूचे मोठमोठे नळ एकत्र आले आणि दाबयंत्रांची ठाणी उभी राहिली. लोक तक्रारी करू लागले: दुर्गंधी येते, डोके दुखते, यंत्रांच्या आवाजाने झोप लागत नाही. तक्रार ज्याच्याकडे न्यावी तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. कारण त्या राज्यात विहिरींवर देखरेख करणाऱ्या खात्याचे नाव रेल्वे कमिशन असे आहे. रेल्वेचे काम त्याच्याकडे उरलेले नाही, नाव मात्र तेच राहिले आहे. हवेचा कारभार मात्र निराळ्याच, पर्यावरणाच्या खात्याकडे. विहीर एकाची, वास दुसऱ्याचा! आपल्याकडे ज्यांनी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातले आहेत, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

अखेर २००९ साली त्या गावाने एक गोष्ट केली, आणि तिच्यासाठी मी हे गाव तुमच्यापुढे आणले आहे. राज्य मोजत नाही, तर आम्ही मोजू, असे गावसभेने ठरविले. कॅल्व्हिन टिलमन हे त्या वेळी नगराध्यक्ष होते. गावाने आपल्या तुटपुंज्या तिजोरीतून सुमारे १५ हजार डॉलर काढून खासगी तज्ज्ञांकडून हवेचे नमुने तपासून घेतले. त्या नमुन्यांत बेंझीन, झायलीन आणि इतर बाष्पे राज्याच्याच मर्यादेपेक्षा अधिक प्रमाणात सापडली. दोनशे माणसांच्या गावाने कागद पुढे केला तेव्हा राज्याला हलावे लागले.

येथे एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण आपल्या बाजूचा नसलेला पुरावा लपविणे हे आपणांस शोभत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने २०१० च्या आरंभी डिशमधील २८ माणसांचे रक्त आणि मूत्र तपासले, आणि सबंध गावाला विहिरींपासून विषबाधा होत आहे असे त्यातून दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्यांच्या रक्तात बेंझीन अधिक होते ती माणसे धूम्रपान करणारी होती. परंतु ही बाष्पे शरीरात फार काळ टिकत नाहीत. एका दिवशी रक्त काढून वर्षभराचा हिशेब लागत नाही. तेव्हा त्या तपासणीने गावाचे म्हणणे सिद्ध झाले नाही आणि खोटेही ठरले नाही. टिलमन यांनी पुढे २०११ साली गाव सोडले. आपल्या मुलांच्या नाकातून रक्त येऊ लागले म्हणून आपण गेलो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्या रक्ताचे कारण काय होते हे मी येथे उभा राहून कसे सांगू? पण ज्या गावाचा नगराध्यक्षच मुले घेऊन निघून जातो, त्या गावाचा सरकारवरील विश्वास किती उरला होता, हे सांगावयास वैद्य लागत नाही.

आता फोर्ट वर्थ शहरातील हकीकत ऐका. ती डिशपेक्षाही महत्त्वाची आहे. डिसेंबर २००९ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने त्या शहरात विहिरींच्या आसपास हवेची तपासणी केली. जानेवारी २०१० मध्ये खात्याचे अधिकारी नगरसभेपुढे आले आणि त्यांनी सांगितले की, बेंझीन आढळले नाही, काळजीचे कारण नाही. नगरसेवक निर्धास्त झाले. वर्तमानपत्रांत तसे छापून आले. मुलांना घेऊन लोक अंगणात बसू लागले असतील.

प्रत्यक्षात काय झाले होते? त्या राज्यात दीर्घकाळ श्वासात जाणाऱ्या बेंझीनची मर्यादा एक अब्ज भागांत १.४ भाग इतकी सूक्ष्म आहे. अल्पकाळासाठी मात्र ती १८० भाग आहे. जी उपकरणे नेण्यात आली होती त्यांपैकी काहींना १.४ इतके थोडे प्रमाण दिसतच नव्हते! सोन्याचा गुंजभर दागिना धान्याच्या तराजूत टाकावा आणि काटा हलला नाही म्हणून डब्यात सोनेच नाही असे सराफाने सांगावे, तसा हा प्रकार. खात्यातीलच अंतर्गत चौकशीत ही गोष्ट उघड झाली. चांगल्या उपकरणांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा काही ठिकाणी बेंझीन दीर्घकालीन मर्यादेच्या वर निघाले. आणि ही दुरुस्ती त्या नगरसभेला ताबडतोब कळविण्यात आली नाही. महिने गेले.

बंधूंनो, ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे, हे येथे पाहा. पहिला शब्द शास्त्राचा आहे. तो म्हणतो, माझ्या डोळ्यांना दिसले नाही. दुसरा शब्द न्यायाधीशाचा आहे. तो प्रश्न मिटवितो. अधिकारी पहिला शब्द उच्चारतो आणि ऐकणारा दुसरा शब्द घरी नेतो. खोटे कोणी बोलले नाही, आणि तरी सबंध शहर फसले. तथागतांनी कालाम लोकांना जो उपदेश केला तो तुमच्या परिचयाचा आहे: कोणी अधिकारी पुरुष सांगतो एवढ्यावरून मानू नका. हा उपदेश धर्मगुरूंपुरता आहे आणि सरकारी पत्रकांना तो लागू नाही, असे मला कोठे वाचल्याचे आठवत नाही.

म्हणून जेव्हा कोणी तुम्हांला सांगेल की, हवेत काही आढळले नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नका, त्याला विचारा. कोणत्या उपकरणाने पाहिले? त्या उपकरणाला कमीत कमी किती दिसते? नमुना किती वेळ घेतला, दहा मिनिटे की चोवीस तास? वारा त्या वेळी विहिरीकडून वस्तीकडे होता की वस्तीकडून विहिरीकडे? आणि ज्या मर्यादेशी तुम्ही तुलना करता, ती एका दिवसाची की जन्मभराची? शाळेतील मुलालाही समजतील असे हे प्रश्न आहेत. उत्तर देणाऱ्याला मात्र ते अवघड जातात.

टेक्सासची कथा येथेच संपली असती तर मी तिला सुधारणेची कथा म्हटले असते. कारण त्या गडबडीनंतर राज्याने डिशमध्ये आणि इतरत्र चोवीस तास चालणारी मोजणीयंत्रे बसविली. पण पुढे आणखी एक प्रकरण घडले. डिशच्या जवळच डेंटन नावाचे शहर आहे. ४ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील नागरिकांनी मतदान केले आणि शहराच्या हद्दीत खडक फोडून वायू काढण्याच्या पद्धतीस बंदी घातली. सुमारे ५९ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. दुसऱ्याच दिवशी तेल कंपन्यांची संघटना आणि राज्याचे जमीन खाते न्यायालयात गेले. आणि मे २०१५ मध्ये राज्याने कायदाच असा केला की, कोणत्याही शहराला अशी बंदी घालता येऊ नये. जूनमध्ये डेंटनच्या नगरसभेने मुकाट्याने बंदी मागे घेतली. मतपेटीतून आलेला निर्णय सहा-सात महिन्यांत विधिमंडळाने काढून घेतला. पाहिलेत, प्रथम मोजण्यात कुचराई होते. मोजणी झाली तर विचारण्याचा अधिकार आक्रसतो. या दोन गोष्टी जोडीने येतात.

तुम्ही म्हणाल, ती परकी भूमी, तेथे विहिरी खासगी कंपन्यांच्या. आपल्या देशात भूगर्भातील तेल आणि वायू हे राष्ट्राचे धन आहे आणि ते काढणाऱ्या मोठ्या कंपन्या सरकारी आहेत. येथे तसे कसे होईल? तर आता आसामात चला.

तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान नावाचे गाव आहे. एका बाजूस दिब्रु-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूस मागुरी-मोटापुंग हा विस्तीर्ण जलाशय. मासेमारी, भातशेती, गुरे आणि चहाचे लहान मळे यांवर लोकांचा चरितार्थ. तेथे ऑइल इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीच्या वायूच्या विहिरी आहेत. २७ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, पाच क्रमांकाच्या विहिरीवर दुरुस्तीचे काम चालू असताना तिच्यावरील ताबा सुटला. सुमारे ३,८७० मीटर खोलीवरून वायू प्रचंड दाबाने उसळू लागला आणि त्याच्याबरोबर पातळ तेलाचे तुषार भोवतालच्या शेतांवर, मळ्यांवर आणि जलाशयावर पडू लागले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडू लागला. हजारो माणसांना घरेदारे सोडून मदतछावण्यांत जावे लागले. आणि तो काळ असा होता की, सरकारच सांगत होते, एकमेकांपासून दूर राहा! ९ जून रोजी त्या वायूने पेट घेतला. विहिरीजवळची घरे जळाली. कंपनीचे दोन अग्निशामक जवान मृत्यू पावले. ही विहीर पूर्णपणे बंद झाली ती १५ नोव्हेंबर २०२० रोजी. साडेपाच महिने! एवढ्या काळात गरोदर बाई बाळंत होते, भाताचे पीक पेरून कापून होते.

अपघात कोठेही होतो, असे म्हणता येईल. मी तेही मान्य करतो. परंतु पुढे ऐका. १९ जून २०२० रोजी आसामच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला काम बंद करण्याची नोटीस काढली. कारण काय दिले? हवा आणि पाणी यांविषयीच्या कायद्यांखाली मंडळाची जी संमती घ्यावी लागते, ती बाघजान येथे घेतलेली नव्हती! ही विहीर काही आदल्या दिवशी खोदलेली नव्हती; वर्षानुवर्षे वायू देत होती. हवेचा कायदा १९८१ चा, पाण्याचा १९७४ चा. मग इतकी वर्षे मंडळ काय करीत होते? विहीर पेटेपर्यंत मंडळाला तिचा कागद पाहावासा वाटला नाही. आणि त्याहून मोठे आश्चर्य असे की, कंपनीने हमी लिहून देताच काही दिवसांत मंडळाने ती नोटीस मागे घेतली. सरकारच्या एका हाताने सरकारच्या दुसऱ्या हातावर छडी उगारली आणि लगेच खाली ठेवली. गावकऱ्यांनी पाहत राहावयाचे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मात्र जून महिन्यातच कंपनीला २५ कोटी रुपये जमा करण्यास सांगितले आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीलाही आवश्यक त्या संमत्या नसल्याचेच आढळले. पुढे भरपाईचे आणि समित्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; त्याच्या तपशिलात मी आज शिरत नाही.

मला अधिक टोचते ती दुसरीच गोष्ट. आपल्या देशात २००६ ची एक अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे मोठा कारखाना किंवा खाण सुरू करण्याआधी सामान्यतः जनसुनावणी घ्यावी लागते. ही जनसुनावणी म्हणजे काय, हे तुम्हांपैकी फार थोड्यांना माहीत असेल, म्हणून सांगतो. तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, त्यांतील एक त्या प्रदेशाच्या भाषेतील असले पाहिजे. सुनावणी जागेवर किंवा जागेजवळ घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ सहकारी अध्यक्षस्थानी बसतो. चित्रीकरण होते. जमलेल्यांपैकी कोणालाही बोलता येते, आणि शेवटी जे बोलले गेले त्याचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. कोरमची अट नाही; दहा माणसे आली तरी ती सुनावणीच. ज्या समाजाला गावच्या चावडीवर पायरीखाली उभे राहून बोलावे लागत होते, त्या समाजाला या तरतुदीची किंमत मी वेगळी सांगावयास नको. एका भूमिहीन बाईने जिल्हाधिकाऱ्यासमोर ध्वनिक्षेपक हातात घेऊन ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणावे आणि ते दप्तरी लिहिले जावे, ही लहान गोष्ट नव्हे.

१६ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने या अधिसूचनेत दुरुस्ती केली आणि तेल व वायू यांच्या शोधासाठी खोदावयाच्या विहिरी ज्या गटात घातल्या, त्या गटाला जनसुनावणी लागत नाही. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यासही लागत नाही. प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रकल्प वरच्या गटात राहिले, हे खरे. परंतु बाघजानच्या शेजारीच, दिब्रु-सैखोवा उद्यानाच्या भूगर्भात सात ठिकाणी शोध घेण्यासाठी त्याच कंपनीला ११ मे २०२० रोजी पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली, तीही जनसुनावणीशिवाय. ही मंजुरी पेटलेल्या विहिरीची नव्हे. दोन्ही गोष्टी एक करू नयेत. परंतु मंजुरीनंतर सोळाव्या दिवशी शेजारची विहीर उसळली, तेव्हा ज्या लोकांना विचारण्याची गरज नाही असे ठरले होते, तेच लोक डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्याने चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने त्या मंजुरीला स्थगिती दिली.

आता घरी येऊ. महाराष्ट्रात जमिनीवर वायूच्या विहिरी नाहीत. आपल्याकडील वायू समुद्रातून येतो. परंतु बेंझीनच्या कुळातील बाष्पे मुंबईच्या अंगणात आहेत. चेंबूरच्या पलीकडे माहुल आणि आंबापाडा या वस्त्या तेलशुद्धीच्या कारखान्यांना आणि रसायनांच्या टाक्यांना चिकटून आहेत. तेथील हवेमुळे लोकांच्या आरोग्यास धोका आहे, असे हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये लिहून ठेवले. आणि त्यानंतर काय झाले? तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटविण्यात आल्या आणि २०१७ पासून हजारो कुटुंबे नेऊन त्याच माहुलच्या इमारतींत ठेवण्यात आली! ज्या जागेतून माणसे हलवावीत की काय असा विचार व्हावयास हवा होता, त्या जागेत माणसे भरण्यात आली. ती माणसे कोणत्या थरातील होती, हे मी सांगण्याची गरज आहे काय? जिच्या मागे मंत्री नाही, वकील नाही, अशीच ती होती. त्यांनी रस्त्यावर बसून आंदोलन केले, न्यायालयात गेले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरी जागा द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या.

१९२७ साली आपल्या माणसांना पाण्यासाठी महाडला जावे लागले. तळ्याला काठ असतो, काठावर पहारा बसविता येतो. हवेला काठ नाही, म्हणून हवेत विटाळ नाही, ती सर्वांना सारखी, असे आपण समजून चाललो होतो. माहुलने ते खोटे ठरविले. चांगली हवा कोणाला आणि उरलेली कोणाला, याची वाटणी कचेरीत बसून करता येते.

या वाटणीविरुद्ध आपल्या हाती काय आहे? राज्यघटनेचे एकविसावे कलम जीविताचा हक्क देते, आणि १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, निर्मळ हवा आणि पाणी त्या हक्कातच येतात. हक्क मोडला तर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचे बत्तिसावे कलम आहे. बाबासाहेबांनी घटना समितीत त्यालाच घटनेचा आत्मा म्हटले होते. परंतु सर्वोच्च न्यायालय दिल्लीस आहे आणि तुमचा रोज बुडतो. म्हणून मी जवळचे साधन सांगतो.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तुम्हांला ठाऊक आहे. शिधापत्रिकेसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी आपल्या मुलांनी तो वापरलाही आहे. तोच हवेसाठी वापरा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा की, आमच्या वस्तीशेजारच्या अमुक कारखान्याला हवेच्या कायद्याखाली संमती आहे काय. असल्यास तिची प्रत द्या, आणि तिची मुदत कधी संपते ते कळवा. गेल्या तीन वर्षांत आमच्या वस्तीत हवा किती वेळा मोजली, कोणत्या उपकरणाने, आणि त्या उपकरणाला बेंझीन कमीत कमी किती दिसते, तेही विचारा. बाघजानच्या लोकांच्या हाती विहीर पेटण्याआधी हा पहिला कागद असता, तर मंडळाला १९ जूनपर्यंत थांबावे लागले नसते. उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. बहुतेक वेळा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येईल. ते फाडू नका. मोजले नाही, अशी ती सरकारची सहीनिशी कबुली आहे. न्यायाधिकरणापुढे तिची किंमत आहे.

आणि आपली नोंद आपण ठेवा. घरातील शिकणाऱ्या मुलीला एक वही द्या. कोणत्या दिवशी, किती वाजता वास आला, वारा कोणीकडचा होता, घरात कोणाला खोकला झाला, दवाखान्यात कोण गेले, एवढेच तिने लिहावे. दवाखान्याचे कागद त्या वहीतच लावावेत. न्यायाधिकरणाकडे तक्रार नेण्यास सामान्यतः सहा महिन्यांची मुदत असते आणि भरपाई मागण्यास पाच वर्षांची. या मुदती मोजताना तारखा लागतात, आणि आठवणीने सांगितलेल्या तारखा उलटतपासणीत टिकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन विद्यार्थी कागद आणि पेन घेऊन बसले आहेत. ज्यांच्या घराच्या खिडकीतून टाक्या दिसतात, त्यांनी आधी त्यांच्याकडे जावे.